काठावरचं सोनं

लाँगटनला, हॉस्पिसच्या दुकानामागच्या खोलीत
मंगळवारी खोकी येतात.
कुणाचं तरी घर आवरलेलं असतं
आणि मुलांना वेळ नसतो.
आज सहा कप, पाच बशा, दुधाचं एक भांडं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
शब्दकोडं अर्धंच सोडवलेलं.

मी मिरजेची. पितळेची भांडी घासत वाढले.
चिंच, मीठ, नारळाची शेंडी,
तोंड दिसेपर्यंत सुटका नाही.
इथं पहिल्याच आठवड्यात लिंबू घेतलं,
एका कपाचा काठ लख्ख करायला गेले
आणि पाण्याबरोबर सोनं मोरीला मिळालं.
खरंखुरं सोनं.
आवाजसुद्धा झाला नाही.

बेरिल टनिक्लिफनं कप हातातून काढून घेतला.
"हा कप आहे, डक," ती म्हणाली, "पाप नव्हे."
डक म्हणजे बदक. इकडं सगळ्यांनाच म्हणतात,
मायेनं, रागानं, बसच्या तिकिटाबरोबरही.
सोनारानंच कान टोचले, बरं झालं.

बेरिल पंधराव्या वर्षी कारखान्यात लागली,
सोन्याला झिलई द्यायच्या खोलीत.
ब्रशवर असतं तेव्हा काकवीसारखं, ती सांगते.
भट्टीतून येतं तेव्हा
(बेसनाचा डबा मीच दाखवला तिला, हसली)
हो, अस्संच, मंद. कुणी म्हणणार नाही सोनं.
मग ओली वाळू, मग अकीकाचा दगड
दांड्यात बसवलेला, कुत्र्याच्या सुळ्यासारखा.
चौतीस वर्षं.
"आम्ही घासलं म्हणून ते चमकलं.
तू घासलंस म्हणून गेलं. कळतो ना फरक?"
कळतो. अजून नीट नाही.

आता मी टबात आधी टॉवेल अंथरते.
कोमट पाणी, साबणाचा एक थेंब,
अंगठी काढून खिडकीत.
कापसानं टिपायचं फक्त,
तान्ह्या बाळाची टाळू टिपावी तसं.
मडकं घेताना वाजवतात तसं नखानं वाजवते:
टण्ण म्हणाला तर धड,
बद्द म्हणाला तर कुठंतरी केसाएवढी चीर.
दिव्यासमोर धरते. पलीकडची बोटं दिसतात,
चार सावल्या, दुधात बुडालेल्या.
म्हणजे मातीत हाडांची राख आहे.
"गाईबैलांच्या," बेरिल म्हणते,
आणि माझ्याकडं बघून थांबते.
ठाऊक आहे, मी म्हणते. पुढचा कप दे.

मग उलटं करायचं.
तळाचा शिक्का निम्मा गेलेला:
मुकुट, एक गाठ, शेवटची दोन अक्षरं.
नुसतं 'इंग्लंड' आहे, 'मेड इन' नाही. म्हणजे जुनं.
नमुन्याचा आकडा हातानं लिहिलेला,
आणि कडेला लाल ठिपका, शेजारी रेघ:
सोनं कुणी लावलं त्याची खूण,
शुक्रवारी नगामागं पैसे मोजायला.
नाव मालकाचं.
तुझी खूण कुठली, मी विचारते.
"झिलईवालीला खूण नसायची, डक."

पाच कपांचं सोनं एकाच जागी झिजलंय,
कान उजवीकडं धरला की ओठ येतात तिथं.
सहाव्याचं बरोबर उलट बाजूला.
कुणीतरी डावखुरं होतं त्या घरात
आणि आपला कप कधी चुकलं नाही.

बेरिल चिठ्ठी लिहिते:
पाच कप, पाच बशा, आठ पाउंड.
सहावा न बोलता माझ्याकडं सरकवते.

माझा डावा हात मिरजेच्या शाळेत
पट्टीनं गप्प केला होता, तो गप्पच आहे.
चहा ओतला. कान डावीकडं घेतला.
सोनं नव्हतं तिथं ओठ आपोआप गेले
आणि हात थरथरून टेबलावर सांडलं थोडं,
बशी नव्हतीच.
बेरिलनं फडकं फेकलं माझ्या अंगावर:
"घास आता," म्हणाली, "टेबलाला चालतं."